चालत्या प्रोग्रामला प्रश्न विचारायचा कसा? डीबगरचा थोडा इतिहास

सिम्युलेशन चाललंय, मधेच उत्तरं विचित्र यायला लागली, म्हणून तुम्ही जीडीबी उघडता, प्रोग्राम थांबवता आणि 'प्रिंट एकूण / संख्या' अशी आज्ञा देता. लगेच आकडा येतो. हा आकडा काढला कुणी? प्रोग्रामने नाही, त्याला तर आपण थांबवून ठेवलंय. कंपायलरनेही नाही, तो आपलं काम करून कधीच निघून गेला. मग हा भागाकार केला कुणी? आणि 'एकूण' म्हणजे मेमरीतली नेमकी कुठली जागा, हे त्याला सांगितलं कुणी?

संशोधनात यायची तयारी करणारी मुलं मोजमापाच्या उपकरणांबद्दल भरपूर वाचतात. व्होल्टमीटर जोडला की सर्किट थोडं बदलतं, हे बारावीतच शिकवतात. पण आज निम्म्याहून जास्त विज्ञान ज्या प्रोग्राम्सवर चालतं त्यांच्या आत डोकावण्याचं उपकरण म्हणजे डीबगर, आणि त्याच्याकडे मोजमापाचं उपकरण म्हणून कुणी बघत नाही. त्याचा इतिहास बघितला तर एकच भांडण पुन्हा पुन्हा दिसतं: प्रश्नाचं उत्तर काढायचं काम प्रोग्रामच्या आत करायचं की बाहेर? दोन्हीकडे किंमत मोजावी लागते.

सुरुवातीला एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या रिलेत पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट तुम्ही दहा ठिकाणी वाचली असेल. खरी आहे, पण चूक शोधायची पद्धत काय होती याबद्दल ती काहीच सांगत नाही. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत तर एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही आहे. आपल्या कामाची गोष्ट पतंगानंतर दोन वर्षांनी, केंब्रिजमध्ये सुरू होते.

एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॉरिस विल्क्स यांनी एअरी समीकरणाची कोष्टकं काढणारा प्रोग्राम लिहिला. त्याची एक जुनी टेप पुढे सापडली आणि मार्टिन कॅम्बेल-केली या इतिहासकाराने तिच्यावर १९९२ मध्ये लेख लिहिला. १२६ सूचनांच्या त्या प्रोग्राममध्ये सुमारे २० चुका होत्या! विल्क्सनी आत्मचरित्रात सांगितलंय की पंचिंगच्या यंत्राकडे जाता-येता एकदा जिन्यातच त्यांना जाणवलं, उरलेल्या आयुष्यातला बराच काळ आता स्वतःच्या चुका शोधण्यात जाणार.

चुका शोधायचा सरळ मार्ग म्हणजे यंत्रापाशी उभं राहून एकेक सूचना बटण दाबून चालवायची आणि मेमरीतले बिट पडद्यावर टिपक्यांच्या रूपात बघायचे. एडसॅकवर हे करता यायचं. पण अख्ख्या विद्यापीठात यंत्र एक आणि वापरणारे अनेक. एकाने तासभर टिपके बघत उभं राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून दुसरी सोय आली, 'पोस्टमॉर्टेम' रूटीन. प्रोग्राम अडकला किंवा संपला की मेमरी न पुसता एक छोटी टेप चढवायची. ती मेमरीतला हवा तो भाग छापून देणार. कागद घेऊन घरी जा आणि विचार करा.

पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यू दिसतो, आजार कसा वाढला ते दिसत नाही. इथे स्टॅन्ली गिल या तरुण संशोधकाने फार सुंदर कल्पना काढली. रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये १९५१ साली त्याचा लेख आला, एडसॅकवरच्या प्रोग्राममधल्या चुकांचं निदान या विषयावर. त्याने असा प्रोग्राम लिहिला की जो तुमच्या प्रोग्रामची एकेक सूचना उचलतो, तिचं अक्षर छापतो (बेरजेला ए, वजाबाकीला एस, साठवायला टी, वगैरे), मग ती सूचना स्वतः पार पाडतो आणि पुढची उचलतो. म्हणजे तुमचा प्रोग्राम प्रत्यक्षात चालतच नाही, दुसरा प्रोग्राम त्याची नक्कल करत चालतो. आजच्या भाषेत, इंटरप्रिटर.

आता किंमत बघा. एडसॅक सेकंदाला साधारण ६५० सूचना चालवायचा आणि टेलिप्रिंटर छापायचा सेकंदाला सहा-सात अक्षरं. प्रत्येक सूचनेला एक अक्षर छापायचं म्हटलं की प्रोग्राम शंभरपट हळू झाला. दोन मिनिटांच्या गणिताला तीन तासांहून जास्त. त्यामुळे लगेच वेगवेगळी रूपं आली: ठराविक ठिकाणापर्यंत न छापता जायचं आणि मग सुरुवात करायची, किंवा सूचनांची अक्षरं न छापता फक्त आकडे छापायचे. मला या लेखात सगळ्यात आवडतं ते हे. पहिला मुद्दा 'बघायचं कसं' हा होता आणि वर्षभरात तो 'काय बघायचं नाही' असा झाला. डेटा गोळा करणाऱ्या प्रत्येकाला हे वळण येतंच.

(ब्रेकपॉइंट हा शब्द मात्र केंब्रिजचा नाही. तो एनियाकचा. तिथे प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणी होती आणि थांबायचं असेल तिथली तार उपटायची. ही युक्ती बेटी होल्बर्टन यांच्या नावावर आहे. अक्षरशः तुटलेली जागा.)

पुढचा टप्पा एमआयटीचा. तिथे टीएक्स-० नावाचा ट्रान्झिस्टरचा संगणक १९५८ मध्ये कॅम्पसवर आला आणि तो एकट्या माणसाला तासन्‌तास मिळायचा. ही साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे. यंत्राचा वेळ महाग असताना पोस्टमॉर्टेम शहाणपणाचं असतं. यंत्र समोर मोकळं असेल तर गप्पा मारता येतात. थॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांनी १९६० च्या सुमारास 'फ्लिट' लिहिला. पूर्ण नाव 'फ्लेक्सोरायटर इंटरॉगेशन टेप', पण खरा विनोद म्हणजे फ्लिट हे कीटकनाशक होतं. आपल्याकडेही जुन्या घरांमधून 'फ्लिट मारणे' ऐकू यायचं, तोच फ्लिट. पुढच्याच वर्षी पीडीपी-१ साठी आलेल्या भावंडाचं नाव काय असणार? डीडीटी.

या दोघांनी दिलेली मोठी गोष्ट म्हणजे नावं. असेम्ब्लर प्रोग्राम तयार करताना प्रत्येक नाव कुठल्या पत्त्यावर गेलं याचा तक्ता टेपवर पंच करून द्यायचा, तो डीबगर वाचून घ्यायचा. मग टाइपरायटरवर नाव आणि तिरपी रेघ टाइप केली की त्या जागेतली किंमत छापली जायची. तिथेच नवी किंमत टाइप केली की ती आत जायची. नावात आकडा मिळवून 'तक्ता अधिक ५' असंही विचारता यायचं. अगदी साधी बेरीज आहे, पण चालत्या यंत्राला माणसाच्या शब्दांत विचारलेली पदावली म्हणून तिचं मोल मोठं आहे. सुरुवातीला विचारलेल्या 'जागा सांगितली कुणी' या प्रश्नाचं उत्तरही हेच: प्रोग्राम तयार करणाऱ्याने मागे ठेवलेला तक्ता. उत्तरात बारकावे वाढले, मूळ तेच राहिलं.

फक्त एक अडचण होती. डीडीटी आणि तुमचा प्रोग्राम एकाच मेमरीत, शेजारी-शेजारी राहायचे. प्रोग्राम बिथरला आणि भलत्याच जागी लिहायला लागला तर तपासनीसच आधी मरायचा.

मधेच १९६९ चा एक बाजूचा रस्ता सांगायलाच हवा. रँड कॉर्पोरेशनमधल्या रॉबर्ट बाल्झर यांनी 'एक्सडॅम्स' नावाची प्रणाली मांडली. तिची कल्पना अशी की प्रोग्राम चालताना काहीच विचारायचं नाही. काय काय घडलं त्याचा इतिहास टेपवर लिहीत जायचं, आणि चालून झाल्यावर त्या टेपला प्रश्न विचारायचे, पुढे जाऊन आणि मागेही जाऊन. ही किंमत इथे आली कुठून, तिच्या आधीची कुठून, असं मूळ शोधत जाता यायचं. त्या काळच्या यंत्रांना हे झेपण्यासारखं नव्हतं. पण डेटा गोळा करणं आणि पदावलीचं उत्तर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती वेगवेगळ्या वेळी करता येतात, हे इतक्या स्पष्टपणे आधी कुणी मांडलेलं मला दिसलं नाही. हा धागा हातात ठेवा.

युनिक्सने तपासनिसाला प्रोग्रामच्या घराबाहेर काढलं. सहाव्या आवृत्तीत (१९७५) 'पीट्रेस' ही सिस्टिम कॉल आली. आता डीबगर ही वेगळी प्रोसेस, तिची मेमरी वेगळी. प्रोग्रामने काहीही गोंधळ घातला तरी डीबगर सुरक्षित. पण बाहेर गेलात की प्रत्येक वेळी दार वाजवावं लागतं: पीट्रेसमधून एका वेळी मेमरीतला एकच शब्द वाचता यायचा, तोही प्रोग्राम थांबलेला असताना, आणि प्रत्येक शब्दामागे कर्नलमध्ये एक फेरी.

मग सी आणि पास्कलसारख्या भाषा आल्या आणि विचारणाऱ्याची भूक वाढली. त्याला आता पत्ता नको, 'पी चा नेक्स्ट, त्याचा काउंट' असं विचारायचं होतं. बर्कलीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क लिंटन यांचा डीबीएक्स आला आणि १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीडीबी. अशी पदावली समजून घ्यायला डीबगरच्या पोटात त्या भाषेचा स्वतंत्र पार्सर ठेवावा लागला. म्हणजे सुरुवातीच्या उदाहरणातला भागाकार केला जीडीबीने, स्वतःच्या प्रोसेसमध्ये. तुमच्या प्रोग्रामकडून त्याने फक्त बाइट्स आणले. ते पूर्णांक आहेत की अपूर्णांक आणि भागाकार कुठल्या नियमाने करायचा, हे कंपायलरने मागे ठेवलेल्या माहितीवरून ठरवलं.

ही मागे ठेवलेली माहिती म्हणजे डीडीटीच्या तक्त्याचीच पणती. आधी 'स्टॅब्ज' नावाचा प्रकार होता, मग बेल लॅब्जमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी 'ड्वॉर्फ' सुरू झाला. (फाइलच्या प्रकाराचं नाव 'एल्फ' होतं, म्हणून शेजारी हा बुटका.) ऑप्टिमायझेशन करणारा कंपायलर एकच व्हेरिएबल इथे रजिस्टरमध्ये, दहा सूचनांनंतर स्टॅकवर आणि पुढे कुठेच नाही असं फिरवतो. त्यामुळे 'व्हेरिएबल कुठे आहे' याचं उत्तर नुसता पत्ता देऊन भागत नाही. ड्वॉर्फने ते उत्तर एका छोट्या प्रोग्रामच्या रूपात लिहिलं: हे रजिस्टर घे, त्यातून २४ वजा कर, तिथे बघ. हा प्रोग्राम चालवायला डीबगरमध्ये एक चिमुकलं स्टॅक-यंत्र असतं. आणि 'ऑप्टिमाइझ्ड आउट' असं उत्तर आलं की समजायचं, त्या क्षणी ती किंमत यंत्रात कुठेच शिल्लक नाही किंवा निदान कंपायलरने तिचा माग ठेवलेला नाही. डीबगरला दोष देऊ नका.

बाहेरून उत्तर काढण्याला एक मोठा अपवाद आहे. 'प्रिंट' पुढे फंक्शनचं नाव आणि कंस लिहिला तर जीडीबी ते फंक्शन स्वतः चालवू शकत नाही. मग तो चलाखी करतो. सगळी रजिस्टर्स बाजूला लिहून ठेवतो, नवी अर्ग्युमेंट्स भरतो, परतीचा पत्ता म्हणून ब्रेकपॉइंट लावलेली एक जागा देतो आणि तुमच्याच प्रोग्रामला त्या फंक्शनवर सोडतो. फंक्शन परतताना सापळ्यात अडकतं, जीडीबी उत्तर उचलतो, रजिस्टर्स पूर्ववत करतो. रजिस्टर्स पूर्ववत होतात; मेमरी नाही. त्या फंक्शनने एखादा मोजणीचा आकडा वाढवला, फाइलमध्ये ओळ लिहिली, तर ते झालंच. यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनला 'काय देतं बघू' म्हणून प्रिंट केलंत तर त्यापुढचं संपूर्ण सिम्युलेशन वेगळ्या वाटेने जाणार. प्रोग्राम मल्टिथ्रेडेड असेल तर तेवढ्या वेळात बाकीचे थ्रेडही पुढे सरकतात, कारण मूळ सेटिंग तसंच आहे. बघण्याने बदलणं ते हेच, आणि इथे त्यात कसलंही क्वांटम गूढ नाही.

याला नाव मात्र क्वांटमवरूनच पडलं: हायझेनबग, बघायला गेलं की गायब होणारी चूक. जिम ग्रे यांच्या १९८५ च्या टँडम कंपनीतल्या अहवालानंतर हा शब्द सगळीकडे गेला. थांबवून बघण्याची पद्धत इथे हरते. दोन थ्रेडच्या शर्यतीतली चूक, नेटवर्कवर समोरचा उत्तराची वाट बघतोय अशी स्थिती, फिरती मोटर नियंत्रित करणारा कोड, यांना तुम्ही विचार करेपर्यंत अर्धा मिनिट थांबवून ठेवता येत नाही. अट घातलेला ब्रेकपॉइंटही वाचवत नाही. प्रोग्राम त्या जागी आला की प्रत्येक वेळी थांबतो, कर्नल डीबगरला उठवतो, डीबगर अट तपासतो, अट खोटी, प्रोग्राम पुन्हा चालू. लूप लाखो वेळा फिरणार असेल तर हे लाखो वेळा. एडसॅकच्या टेलिप्रिंटरची आठवण यावी इतकं हळू.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिग्नस कंपनीतल्या लोकांनी जीडीबीला ट्रेसपॉइंट जोडले. मायकेल स्नायडर आणि जिम ब्लँडी यांच्या त्यावरच्या लेखाच्या नावातच हायझेनबर्ग आहे. वापरणाऱ्याला दिसतं ते सोपं: या ओळीवर ट्रेसपॉइंट लाव आणि तिथे 'पी चा काउंट' गोळा कर. पण जे यंत्र तपासायचंय ते कदाचित एका तारेच्या पलीकडचा छोटा बोर्ड आहे. त्यावर सी भाषेचा पार्सर मावणार नाही, ड्वॉर्फची माहिती मावणार नाही. आणि जीडीबी तारेच्या अलीकडे बसून दर वेळी उत्तर काढणार असेल तर वेळ हातातून गेलाच.

म्हणून काम वाटून घेतलं. जीडीबी पदावली वाचतो, नावं शोधतो, प्रकार तपासतो आणि या सगळ्याचा अर्क काढून काही बाइट्सचा बाइटकोड बनवतो: फ्रेमचं रजिस्टर घे, २४ वजा कर, तिथले आठ बाइट वाच, त्यात ८ मिळव, तिथले चार बाइट नोंदव, संपलं. हा बाइटकोड प्रोग्राम सुरू करण्याआधीच पलीकडे पाठवला जातो. तिकडे एक 'एजंट' असतो, म्हणजे बेरीज-वजाबाकी, वाचणं, उडी मारणं इतपत येणारा छोटा इंटरप्रिटर. ट्रेसपॉइंटवर आलं की तो बाइटकोड चालवतो, नोंद बफरमध्ये टाकतो आणि प्रोग्राम लगेच पुढे. शून्याने भागाकार झाला किंवा पत्ता चुकीचा निघाला तर ते मोजमाप सोडून द्यायचं. माणसाला विचारत बसायचं नाही.

यातली खरी मजा पुढे आहे. एजंट पदावलीची *किंमत* नोंदवत नाही. ती किंमत काढताना मेमरीच्या ज्या ज्या तुकड्यांना हात लागला ते तुकडे, पत्त्यांसकट, नोंदवतो. 'पी' जिथे होता ते आठ बाइट आणि 'काउंट' चे चार बाइट, दोन्ही. प्रयोग संपल्यावर तुम्ही एखादी नोंद निवडता आणि नेहमीसारखं 'प्रिंट' लिहिता. जीडीबीला वाटतं समोर थांबलेला प्रोग्राम आहे; तो मेमरी मागतो आणि त्याला ती नोंदीतून मिळते. त्यामुळे गोळा करताना न विचारलेली पदावलीही नंतर विचारता येते, जर तिला लागणारे बाइट्स नोंदीत असतील तर. नसतील तर 'उपलब्ध नाही' असं स्वच्छ उत्तर. खोटा शून्य नाही, अंदाज नाही. ज्यांनी प्रयोगशाळेतल्या फाइल्समध्ये 'मोजलं नाही' आणि 'शून्य आलं' यांची सरमिसळ पाहिली असेल त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

बाल्झर यांची 'आधी गोळा करा, मग विचारा' आणि गिलचा 'आतला इंटरप्रिटर' ही दोन्ही इथे एकत्र आलेली दिसतात, असं मला वाटतं. थेट वारसा आहे असा माझा दावा नाही. अडचण तीच असली की माणसं त्याच जागी पोचतात. नंतर २०१० मध्ये जीडीबी ७.२ बरोबर 'फास्ट ट्रेसपॉइंट' आले. त्यांत सापळ्याच्या सूचनेऐवजी थेट उडी मारून नोंद करतात, म्हणजे कर्नलची फेरीही वाचली. एजंटला अट तपासता येते हे लक्षात आल्यावर साध्या ब्रेकपॉइंटची अटही पलीकडे पाठवायची सोय झाली.

हाच बेत सन कंपनीतल्या ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांनी जास्त धीटपणे केला. त्यांचा डीट्रेस (लेख २००४ चा, सोलारिस १० मधून २००५ मध्ये लोकांकडे) थेट ग्राहकांच्या चालू यंत्राच्या कर्नलमध्ये प्रश्न पाठवायचा. तिथे चूक झाली तर अख्खं यंत्र पडणार, म्हणून बाइटकोडवर कडक बंधनं: मागे उडी मारायला बंदी, म्हणजे लूप नाहीच, म्हणजे प्रश्न कधीतरी संपणार याची खात्री. दुसरं, डीट्रेसला प्रत्येक नोंद पाठवायची गरज नव्हती. तो जागच्या जागी मोजणी करायचा, बेरीज करायचा, वितरणाचा आलेख भरायचा. गिलच्या 'काय बघायचं नाही' ला हे उत्तर चांगलं आहे, पण फुकट नाही. एकदा बेरीज केली की मूळ नोंदी गेल्या, मागाहून नवा प्रश्न सुचला तर पुन्हा चालवा. ट्रेसपॉइंट कच्चा माल ठेवतात आणि बफर लवकर भरतो. डीट्रेस सारांश ठेवतो आणि महिनाभर चालतो. कुठला निवडायचा हे प्रश्न आधीच ठरलाय की अजून शोधताय यावर आहे, आणि पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत बहुतेक जण दुसऱ्या गटात असतात.

लिनक्समधल्या ईबीपीएफचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ नेटवर्कमध्ये आहे: मॅकॅन आणि जेकबसन यांचा १९९३ चा पॅकेट गाळणारा बाइटकोड. २०१४ मध्ये त्याचं रुंद केलेलं रूप लिनक्समध्ये आलं आणि प्रोग्राम आत घेण्याआधी तो तपासणारा पहारेकरीही त्याच्यासोबत. आधी लूपला बंदी होती, २०१९ पासून मर्यादा सिद्ध करता येणारे लूप चालतात. तपशील वेगळ्या पोस्टमध्ये, तो मोठा विषय आहे.

राहिला एक धागा. सगळाच इतिहास नोंदवायचा हे बाल्झर यांचं स्वप्न आता बऱ्यापैकी जमतं. मोझिलामध्ये तयार झालेला आणि २०१४ मध्ये आलेला 'आरआर' प्रोग्रामची प्रत्येक किंमत नोंदवत नाही. बाहेरून आत आलेल्या गोष्टी तेवढ्या नोंदवतो, म्हणजे सिस्टिम कॉलची उत्तरं, सिग्नल, थ्रेड कुठल्या क्षणी बदलले ते. बाकी सगळं प्रोग्राम पुन्हा चालवला की तसंच्या तसं घडतं. त्यासाठी सगळे थ्रेड एकाच कोअरवर, पाळीपाळीने चालवावे लागतात, ही त्याची किंमत. मग अशा रेकॉर्डिंगमध्ये मधेच थांबून 'प्रिंट' पुढे फंक्शन लिहिलं तर? भूतकाळ तर बदलता येत नाही. आरआर त्या क्षणाची एक प्रत काढतो, फंक्शन त्या प्रतीत चालवतो, जे काही बिघडायचं ते तिथे बिघडू देतो, उत्तर तुमच्या हातात ठेवतो आणि ती प्रत फेकून देतो.